आवाज कुठून येतो ते नंतर, आधी कधी येतो ते बघा: मॅन्युअल गिअरच्या गाडीतल्या घरघरीचा माग

माझ्या जुन्या गाडीत साठच्या पुढे घरघर सुरू व्हायची. गिअरच्या दांड्याखालूनच येते, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मेकॅनिकला तसं छातीठोकपणे सांगितलं, त्याने गिअरबॉक्स उतरवला, बेअरिंगं बदलली, आणि गाडी घरी आली ती तीच घरघर घेऊन. पुढे कधीतरी मागचे टायर बदलले आणि आवाज गायब. एका टायरचे गट्टे करवतीच्या दातांसारखे एका बाजूने झिजले होते. मेकॅनिकची चूक इतकीच, की त्याने माझं ऐकलं.

गाडीचा पत्रा आवाज पळवतो. मागच्या चाकाचा आवाज पायाखाली ऐकू येतो, डाव्या बाजूचा उजवीकडे. त्यामुळे ‘कुठून’ या प्रश्नाचं कानाने दिलेलं उत्तर फारसं कामाचं नसतं. ‘कधी’ या प्रश्नाचं मात्र असतं. इंजिनापासून चाकापर्यंतचा प्रत्येक भाग ठरावीक वेळीच फिरतो, ठरावीक वेळीच ताण घेतो. आवाज कशाबरोबर सुरू होतो, कशाबरोबर वाढतो आणि काय केलं की थांबतो, हे लिहून काढलं, तर गाडी उघडण्याआधीच संशयित दोन-तीनवर येतात.

आधी किरकोळ गोष्टी संपवा

चाकाचे नट घट्ट आहेत का, हे सगळ्यांत आधी. ढिल्या चाकाची ठकठक हुबेहूब सांध्याच्या ठकठकीसारखी असते, आणि तिचा परिणाम फार वाईट होऊ शकतो. टायरच्या खाचेत अडकलेला खडा, डिस्कमागच्या पातळ पत्र्याचं घासणं, डिकीतला मोकळा जॅक, सायलेन्सरवरचं उष्णतारोधक पत्र्याचं आवरण हे सगळे सोंगाडे आहेत. ते आवरण तर ठरावीक आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) झणझणतं, त्यामुळे बरेच जण त्याला गिअरबॉक्स समजतात. इंजिन थंड असताना हाताने ठोकून बघितलं की ते कबुली देतं.

टायरवरून तळहात पुढे-मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला खडबडीत लागलं, तर माझी गोष्ट आठवा. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला, खडबडीत डांबर संपून गुळगुळीत काँक्रीट लागलं, की सूर बदलणारा आवाज बहुतेक वेळा टायरचाच असतो. पुढचे टायर मागे टाकून आवाजही जागा बदलतो का, हे बघायला अर्धा तास पुरतो. पुढचं-मागचं माप सारखं आहे, एवढी खात्री मात्र करा, आणि टायर एकाच दिशेने फिरणारे असतील, तर त्यांची बाजू बदलू नका.

उभ्या गाडीतली क्लचची परीक्षा

हा सगळा खेळ समजायला एकच गोष्ट डोक्यात पक्की हवी. गाडी न्यूट्रलला उभी आहे, इंजिन चालू आहे आणि पाय क्लचवर नाही, अशा वेळीही गिअरबॉक्सचा निम्मा भाग फिरत असतो. इंजिनाला जोडलेली जड चकती, म्हणजे फ्लायव्हील, क्लच प्लेटला फिरवते, प्लेट गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या इनपुट शाफ्टला. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या पारंपरिक गिअरबॉक्समध्ये इनपुट शाफ्ट खालच्या समांतर शाफ्टला, म्हणजे लेशाफ्टला, फिरवतो आणि लेशाफ्टवरचे दात मुख्य शाफ्टवरच्या गिअरांना नुसतेच गरगरवतात. चाकांकडे जाणारा मुख्य शाफ्ट तेवढा थांबलेला असतो. क्लच पूर्ण दाबला की ही सगळी वरात हळूहळू थांबते.

आता परीक्षा. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून ठोकळे, इंजिन गरम, खिडक्या उघड्या, पंखा आणि एसी बंद.

न्यूट्रलमध्ये पाय क्लचवरून काढा आणि ऐका. इथे घरघर आहे आणि क्लच पूर्ण दाबल्यावर ती विरून जाते, तर संशय इनपुट शाफ्टच्या किंवा लेशाफ्टच्या बेअरिंगवर. पण घाई नको. इंजिनाच्या प्रत्येक स्फोटाचा झटका मोकळ्या गिअरांच्या दातांवर बसतो आणि ते एकमेकांवर खुळखुळतात. डिझेल इंजिनात हे जास्त जाणवतं. दोन्हींत फरक करायला अॅक्सिलरेटर अगदी हलका दाबून आयडलिंग थोडं वर न्या. खुळखुळ विरते, बेअरिंगची घरघर उलट चढत जाते. खुळखुळ थोडीफार सगळ्यांचीच असते, पण अलीकडे अचानक वाढली असेल, तर क्लच प्लेटमधल्या स्प्रिंगा किंवा दोन भागांचं फ्लायव्हील बघायला हवं. असं फ्लायव्हील थकलं की इंजिन बंद करताना शेवटच्या एक-दोन फेऱ्यांत जोरात खडखडतं.

आता पेडल फक्त बोटभर दाबा. याच क्षणी किर्र किंवा सूं असा आवाज सुरू झाला आणि दाब वाढवल्यावर तोही वाढला, तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. बरेच जण त्याला नुसतं क्लच बेअरिंग म्हणतात. पाय सतत क्लचवर टेकवून चालवणाऱ्यांचं ते लवकर जातं. पण उलटंही होतं. बऱ्याच हायड्रॉलिक क्लचमध्ये हे बेअरिंग कायम हलकं टेकलेलं असतं. तिथे पाय काढलेला असताना चिमणीसारखी चिवचिव येते आणि पेडलला पाय टेकताच बंद होते. मग बेअरिंगबरोबर ते ढकलणाऱ्या फोर्कचा टेकूही कोरडा पडलेला किंवा झिजलेला असू शकतो.

तिसरी पायरी: ब्रेक दाबून ठेवा, क्लच पूर्ण दाबा आणि पहिला गिअर टाका. आता इनपुट शाफ्ट पूर्ण थांबला आहे आणि फ्लायव्हील फिरतंय. दोघांच्या वेगातला हा फरक सांभाळतं ते शाफ्टच्या टोकाचं पायलट बेअरिंग. बोटभर दाबल्यावर काही नव्हतं आणि इथे मात्र किंचाळी येते, तर तेच. पुढची चाकं ओढणाऱ्या अनेक गाड्यांना पायलट बेअरिंगच नसतं, त्यामुळे आपल्या गाडीला ते आहे का, हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या. नसलेला भाग बदलायला कोणी सांगितलं, तर हसून निघता येतं.

तिन्ही ठिकाणी गाडी शांत असेल, तर क्लच सुटला. गिअरबॉक्स मात्र अजून सुटलेला नाही, कारण त्याच्यावर अजून ताण आलेला नाही.

रस्त्यावर: आरपीएम, वेग आणि ताण वेगळे करा

मोकळा, सरळ, सपाट रस्ता हवा आणि सोबत एक माणूस हवा. चालवणाऱ्याने चालवायचं, ऐकणाऱ्याने ऐकायचं आणि लिहायचं. दोन्ही कामं एकट्याने करू नका.

ज्या वेगाला आवाज येतो, तो वेग वरच्या गिअरमध्ये स्थिर धरा. आता वेग तोच ठेवून एक गिअर खाली या. आरपीएम चढले, चाकांचा वेग तोच राहिला. आवाजाचा सूरही चढला, तर दोषी इंजिन, क्लच, इनपुट शाफ्ट किंवा लेशाफ्ट यांच्यापैकी कोणीतरी आहे. सूर जागचा हलला नाही, तर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून चाकापर्यंतची बाजू बघायची. गाडीतली ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी वापरली जाणारी चाचणी आहे. मी ती वेळेवर केली असती, तर हा लेख वेगळ्या पद्धतीने सुरू झाला असता.

मग क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी तशीच घरंगळू द्या. इंजिन बंद करू नका. ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते, किल्ली पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. घरंगळतानाही घरघर तशीच असेल, तर ती चाकाची बेअरिंगं, टायर किंवा डिफरन्शिअलची (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांच्या पेटीची) बेअरिंगं यांच्याकडे बोट दाखवते.

राहिला ताण. एकाच वेगाला तीन प्रकारे पाय ठेवायचा: जोर देऊन, पूर्ण सोडून, आणि गाडी ना ओढते ना अडवते अशा मधल्या अवस्थेत. जोर दिल्यावर एक सूर, सोडल्यावर दुसरा, मध्ये शांत, असा सायरनसारखा बदलणारा आवाज दातांचा असतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत बहुधा क्राउन आणि पिनियनचा, म्हणजे डिफरन्शिअलमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरच्या जोडीचा. पाय कसाही ठेवला तरी कुरकुर सारखीच राहते, ती बेअरिंगची. हा नियम नेहमीच पाळला जातो असं नाही. झिजलेलं पिनियन बेअरिंग पिनियनला हलू देतं आणि मग दातही ओरडायला लागतात. म्हणून डिफरन्शिअलमध्ये फक्त दातांवर खापर फोडू नये.

प्रत्येक गिअरमध्ये वेगळं ऐका. आवाज फक्त एकाच गिअरमध्ये येतो, तर त्या जोडीचे दात. पारंपरिक पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर सहसा थेट असतो, म्हणजे इनपुट आणि आउटपुट सरळ जोडले जातात आणि लेशाफ्ट ताणाशिवाय नुसता फिरतो. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात कण्हणारी गाडी चौथ्यात शांत झाली आणि पाचव्यात पुन्हा कण्हली, तर लेशाफ्टच्या बेअरिंगवर पैज लावायला हरकत नाही. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत सहसा दोनच शाफ्ट असतात आणि असा थेट गिअर नसतो, तिथे ही युक्ती चालणार नाही.

रिव्हर्सच्या किंचाळीने मात्र घाबरू नका. पुढच्या गिअरांचे दात तिरके असतात, एकमेकांवर सरकत बसतात. अनेक गाड्यांत रिव्हर्सचे दात सरळ कापलेले असतात, ते एकदम आपटतात आणि ओरडतात. तो दोष नाही.

वळणं आणि झटके

मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरा, दोन्ही बाजूंना, पुढे आणि मागेही. जोर देताना कट-कट-कट असा मोजता येणारा आवाज आला, तर चाकाजवळचा, म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट (फिरत्या एक्सलला वाकू देणारा सांधा). आतला जॉइंट वेगळा वागतो. सरळ रस्त्यावर जोर दिल्यावर गाडी थरथरते आणि पाय काढताच थांबते. दोन्हींच्या रबरी बुटांकडे बघा. बूट फाटून आजूबाजूला ग्रीस उडालेलं दिसलं, की पुढची गोष्ट सांगायला नको. बूट नुकताच फाटला असेल आणि आवाज अजून सुरू झाला नसेल, तर साफसफाई, नवं ग्रीस आणि नवा बूट यावर भागू शकतं.

चाकाच्या बेअरिंगसाठी थोड्या वेगात हलकी लांब वळणं घ्या. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा गुंगुं वाढली, तर बहुतेक वेळा उजव्या बाजूचं बेअरिंग. फक्त वळतानाच मागून करकर येते आणि सरळ जाताना काही नाही, तर डिफरन्शिअलच्या आतले छोटे गिअर. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एकच चाक मोकळं फिरू न देणारं) असेल, तर चुकीच्या तेलानेही वळणावर अशी कुरकुर होते.

जोर देताना आणि सोडताना एकदाच बसणारा ‘ठक्’ हा वेगळा प्राणी आहे. साखळीतली कुठलीही ढिलाई तो आवाज करते: युनिव्हर्सल जॉइंट (गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल जोडणाऱ्या लांब प्रोपेलर शाफ्टचा सांधा), आतला सीव्ही, डिफरन्शिअल, आणि सगळ्यांत जास्त विसरला जाणारा इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारा रबरी टेकू). बॉनेट उघडून, दूर उभं राहून, दुसऱ्याला ब्रेक दाबून पहिल्यात आणि रिव्हर्समध्ये क्लच जरासा सोडायला सांगा. इंजिन उडी मारताना दिसलं, तर गिअरबॉक्सकडे वळण्याआधी माउंट बदला. गाडीच्या अगदी समोर किंवा मागे मात्र उभं राहायचं नाही.

टकटक मोजा

नियमित टकटक ऐकू येत असेल, तर ती मोजता येते, आणि मोजलेला आवाज फार काळ लपत नाही. समजा टायरचा बाहेरचा व्यास ६० सेंटीमीटर आहे. घेर साधारण १.८८ मीटर. ताशी १० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ८९ फेऱ्या मारतं, म्हणजे १० सेकंदांत १५. तेवढ्याच टकटकी आल्या, तर कारण चाकाबरोबर एकदा फिरणारं आहे: टायर, डिस्क, एक्सल, खाचेतला खडा. मागच्या चाकांच्या गाडीत डिफरन्शिअलचं प्रमाण ४ असेल, तर प्रोपेलर शाफ्ट चौपट फिरतो, म्हणजे त्याच १० सेकंदांत ६०. एवढं कानाने मोजता येत नाही. फोनवर रेकॉर्ड करून हळू वेगात ऐका. रेकॉर्ड करताना फोन हातात न धरता सीटच्या गादीवर ठेवा.

त्याहून सोपं: टायरवर खडूची रेघ मारा आणि सोबतच्या माणसाला गाडीच्या बाजूने, हातभर अंतर ठेवून चालायला सांगा. रेघ दर वेळी एकाच जागी असताना टक् होतं का, एवढंच बघायचं.

गाडीखाली

जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. स्टँड लावायचे, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावायचे, गाडी हलवून बघायची आणि मगच खाली सरकायचं. स्टँडवर गाडी गिअरमध्ये चालवून आवाज शोधणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मला ते अजिबात पटत नाही. धोका तर आहेच, शिवाय लोंबकळणाऱ्या सस्पेन्शनमुळे सांध्यांचा कोन बदलतो आणि चांगले सांधेही आवाज करतात. इंजिन बंद ठेवून हाताने बरंच कळतं.

चाक एका हाताने फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची रवाळ थरथर स्प्रिंगमधून बोटांना लगेच लागते, कानाला अजून काही ऐकू येत नसलं तरी. मग चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. ढिलाई लागली, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. कोण, ते दुसऱ्याने मागून बघितल्यावर कळतं.

प्रोपेलर शाफ्ट असेल, तर युनिव्हर्सल जॉइंटच्या दोन्ही बाजू धरून उलट दिशांनी पिळा. शाफ्ट आणि डिफरन्शिअल एकत्र थोडं फिरणं साहजिक आहे, पण सांध्याच्या आत क्रॉस हलता कामा नये. टोप्यांभोवती तांबूस गंजाची पूड दिसली, तर आतल्या सुया कोरड्या पडल्या आहेत. गाडी निघताना येणारी चिकचिक तिथलीच. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल, तर मधलं टेकूचं बेअरिंग आणि त्याचं रबर बघा. शाफ्ट काढायची वेळ आली, तर आधी फ्लँजवर आणि सांध्यावर रंगाने खुणा करा. तो चुकीच्या जागी परत बसला, तर नवीनच थरथर विकत घेतल्यासारखं होतं.

तेल बोलतं

गिअरबॉक्सचं तेल बघताना आधी भरण्याचा प्लग उघडा, मग रिकामं करण्याचा. वरचा प्लग गंजून अडकला असेल, तर हे तेल सांडून झाल्यावर कळू नये. बहुतेक गिअरबॉक्समध्ये तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत असायला हवं. अनेक गिअरबॉक्समध्ये पाचवा गिअर टोकाच्या वेगळ्या कप्प्यात असतो आणि तेल कमी पडलं की तोच आधी उपाशी राहतो. फक्त पाचव्यात कण्हणाऱ्या गाडीचं तेल आधी तपासा.

खालच्या प्लगच्या लोहचुंबकावर करड्या लोण्यासारखा थर असेल, तर ती नेहमीची झीज. पापुद्रे, सुईचे तुकडे किंवा दाताचा कोपरा सापडला, तर गाडी चालवू नका. तेलात सोनेरी चमक असेल, तर ती पितळी सिंक्रो रिंगांची (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या कड्या). चुंबकाला पितळ चिकटत नाही, म्हणून तेल पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात बघा.

नवीन तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. गिअर तेलाच्या प्रतींत ‘जीएल-५’ हे ‘जीएल-४’ पेक्षा एक अंक वर, म्हणून जास्त चांगलं, हा हिशेब चुकीचा. जीएल-५ डिफरन्शिअलच्या जबर घासणीसाठी आहे. त्यातली काही द्रव्यं पितळी सिंक्रो रिंगांना त्रास देऊ शकतात, आणि ते जास्त निसरडं असेल तर रिंगेला गिअर पकडायलाही वेळ लागतो. काही गिअरबॉक्स तर ऑटोमॅटिकचं पातळ तेल मागतात. तिथे ७५डब्ल्यू-९० हे दाट तेल ओतलं की थंडीत दांडा हलत नाही.

गिअर टाकताना चर्रर्र

हा आवाज बाकीच्यांपेक्षा वेगळा, कारण यात दोनच मुख्य आरोपी असतात. एक तर क्लच पूर्ण सुटत नाही, नाही तर सिंक्रो झिजला आहे. गाडी उभी, क्लच पूर्ण दाबलेला, मनात १० पर्यंत मोजा आणि रिव्हर्स टाका. तरीही चर्रर्र झालं, तर इनपुट शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे क्लच ओढतोय. हायड्रॉलिकमधली हवा, गळका सिलिंडर, ताणलेली केबल, वाकडी प्लेट, जाम झालेलं पायलट बेअरिंग, या क्रमाने शोधा. स्वस्त ते आधी.

थांबल्यावर रिव्हर्स गपचूप पडतो, पण चालत्या गाडीत तिसऱ्यातून दुसऱ्यावर येतानाच खरडतं, तर तो सिंक्रो. खात्रीसाठी डबल क्लच करा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अॅक्सिलरेटरला हलका झटका, पुन्हा क्लच आणि मग दुसरा. कॅडिलॅकने १९२९ च्या मॉडेलमध्ये सिंक्रोमेश आणण्याआधी चालक असेच गिअर टाकत. आता तो गुपचूप पडला, तर सिंक्रोचं काम तुमचा पाय करतोय. गाडी अशी बराच काळ चालवता येते, पण प्रत्येक चर्रर्रबरोबर दातांची टोकं झिजतात आणि पुढे गिअर आपोआप सुटायला लागतो.

गिअरचा दांडा नुसताच झणझणत असेल, तर हाताने धरा. धरल्यावर थांबला, तर दांड्याखालचे बुश. पण सवयीने हात तिथेच ठेवून चालवू नका, आतल्या फोर्कवर उगाच दाब येतो.

मेकॅनिककडे जाताना

काही आवाजांना वेळ द्यायचा नसतो. चाक हलतंय, वेगाबरोबर थरथर झपाट्याने वाढतेय, प्रोपेलर शाफ्टचा सांधा ढिला आहे किंवा तेलात लोखंडाचे तुकडे आहेत, तर गाडी ओढून न्या. तुटलेला प्रोपेलर शाफ्ट पुढच्या टोकाने रस्त्यात रुतला, तर गाडी उचलली जाऊ शकते.

बाकीच्यांसाठी चिठ्ठी लिहा, आणि तिच्यात भागाचं नाव घालू नका. उदाहरणार्थ: ‘गरम झाल्यावर. न्यूट्रलला पाय काढला की हलकी घरघर, क्लच दाबल्यावर बंद. पहिल्या ते तिसऱ्यात आणि पाचव्यात जोरात, चौथ्यात जवळपास नाही. आरपीएमबरोबर वाढते. घरंगळताना नाही. टायर पुढे-मागे करून पाहिले, फरक नाही.’ मग मेकॅनिकला गाडीत बसवून ज्या रस्त्यावर आवाज ऐकू आला, त्याच रस्त्यावर फिरवा.

काम झाल्यावर जुनं बेअरिंग मागून घ्या. धुतलेलं कोरडं बेअरिंग चांगलं असलं तरी खुळखुळतं, म्हणून दोन थेंब तेल सोडा आणि बोटावर हळूहळू फिरवा. हवेच्या दाबाने गरगरवू नका, तुकडे उडू शकतात. आतल्या वाटेवर खड्डे, पापुद्रे किंवा निळसर जळल्याच्या खुणा दिसल्या, तर योग्य भाग बदलला गेला. वाट आरशासारखी स्वच्छ असेल, तर पैसे देण्याआधी चिठ्ठी घेऊन पुन्हा त्याच रस्त्यावर एक चक्कर मारून या.